गुणांचा कागद

पोरगा अजून उठला नव्हता. स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत वळणातून बाहेर पडताना त्याच्या मागच्या चाकाला अचानक नको तितकी पकड मिळाली, आडवी घसरत चाललेली मोटरसायकल झटक्यात सरळ झाली आणि त्याला घेऊन हवा भरलेल्या कुंपणात घुसली. मनगटाला बांधलेली दोरी सुटली की इंजिन आपोआप बंद पडतं. बाकीच्या तिघांनीही गाड्या बंद केल्या आणि इतका वेळ कानात भरून राहिलेला आवाज एकदम नाहीसा झाला. आतल्या हिरवळीवरून रुग्णवाहिका निघाली. पंचांनी निळा दिवा लावला, कारण मुलाचं हेल्मेट निळं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारच्या आजोबांनी मांडीवरचा छापील कार्यक्रम उलगडला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि त्या मुलाच्या नावापुढच्या चौकटीत शर्यतीतून बाद झाल्याचं अक्षर लिहिलं. घाई न करता, चांगलं वळणदार. ज्याच्यामुळे शर्यत थांबते तो फेरशर्यतीत नसतो, हा नियमच आहे, त्यामुळे आजोबांचं काही चुकलं नव्हतं. रुग्णवाहिका मात्र अजून त्या मुलापर्यंत पोचली नव्हती.

मुलगा नंतर उठला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत चालला, स्टँडकडे बघून हात वर केला, टाळ्या झाल्या. ट्रॅक्टरने वळण सारखं करून घेतलं आणि तीन गाड्या पुन्हा सुरुवातीच्या टेपसमोर येऊन उभ्या राहिल्या. आजोबांनी माझ्यापुढे सूर्यफुलाच्या बियांचा कागद धरला. त्या बिया सोलताना, त्यानंतरच्या साऱ्या हीट, म्हणजे सामन्यातल्या छोट्या शर्यती, बघताना आणि रात्री घरी आल्यावरही मला ते अक्षर लिहिणारा हात दिसत राहिला. माणूस जमिनीवर पडलेला असताना त्याची नोंद करून टाकणाऱ्या त्या हाताला काय म्हणायचं, हे ठरत नव्हतं.

हे 2021 च्या मे महिन्यातलं. व्रोत्स्वावमधलं माझं घर ऑलिंपिक स्टेडियमपासून फार लांब नाही. करोनामुळे एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला तो रिकाम्या खुर्च्यांसमोर. दिवसभर घरून काम, खिडकीबाहेर नुकती पालवी फुटलेली झाडं, आणि रविवारी संध्याकाळी त्या झाडांपलीकडून येणारा तो आवाज. चार इंजिनं एकदम किंचाळायची, मिनिटभराने शांत व्हायची, पुन्हा किंचाळायची. प्रेक्षक नसल्यामुळे त्या आवाजाला माणसांच्या आवाजाची किनारच नव्हती. मधल्या शांततेत काय झालं, कोण जिंकलं, हे कळायला मार्ग नसायचा. मेच्या मध्यावर पाव स्टेडियम भरायची परवानगी मिळाली आणि मी तिकीट काढलं. तोवर पोलंडमध्ये राहूनही झुझेल, म्हणजे इथला स्पीडवे, मी फक्त ट्राममध्ये पिवळे-लाल मफलर घातलेल्या माणसांवरून ओळखत होतो. या शहरात आजोबा, नात आणि तिची आई असे तिघे एकाच रंगाच्या मफलरात मॅचला निघतात.

स्टेडियमच्या नावात ऑलिंपिक आहे, पण तिथे ऑलिंपिक कधी झालं नाही. शहर जर्मन असताना, त्याचं नाव ब्रेसलाउ असताना, रिचर्ड कॉनविआर्झ नावाच्या वास्तुविशारदाने ते उभारलं. त्या काळी ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा असत, आणि 1932 साली लॉस एंजेलिसमध्ये या स्टेडियमच्या आराखड्याला कांस्यपदक मिळालं. 1945 नंतर जर्मन गेले आणि पूर्वेकडून उठवलेले पोलिश लोक त्यांच्या घरांत राहायला आले. आजोबांचे आईवडील ल्वूवहून आले होते, आजच्या युक्रेनमधल्या ल्विवहून. ‘माझ्या वडिलांना या शहरात आपलं म्हणावं असं काही सापडत नव्हतं, मग ते इथे यायला लागले,’ असं एकदा हीटच्या मधल्या वेळात त्यांनी सांगितलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

टीव्हीवर स्पीडवे अगदी साधा खेळ वाटतो. चार जण, दोन्ही संघांचे दोन-दोन, चार फेऱ्या, डावीकडे वळत राहायचं. व्रोत्स्वावचा ट्रॅक साधारण साडेतीनशे मीटरचा, एक हीट मिनिटभरात आटोपते. पण पहिल्या वळणाच्या कुंपणालगत उभं राहावं. 500 सीसीचं एकाच सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं, एकच गिअर, आणि ब्रेक नाही. पुढच्या चाकाला नाही, मागच्याही नाही. वेग कमी करायचा तो गाडी आडवी घालून. डाव्या बुटाखाली पोलादी तळ असतो, तो जमिनीवर टेकवून स्वार मागचं चाक बाहेर फेकतो आणि अर्धं वर्तुळ आडवाच जातो. हँडल उजवीकडे वळलेलं, गाडी जातेय डावीकडे. टेप वर उडते तेव्हा चौघं एकमेकांच्या कोपराला कोपर लावून वळणावर येतात आणि मागच्या चाकांनी उडवलेला ओल्या मातीचा फवारा स्टँडवर येतो. नेहमीचे प्रेक्षक ग्लासवर हात धरतात, नवा माणूस डोळे मिटतो. जळलेल्या मिथेनॉलचा आणि गरम तेलाचा गोडसर, घशाशी रेंगाळणारा वास येतो. घरी गेल्यावर डोकं धुतलं की पाणी तपकिरी निघतं. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे इथे आग लागली तरी आधी कळते ती पेटलेल्या माणसाच्या हालचालींवरून.

आणि हे सगळं त्या कागदावर एका आकड्यात बसतं. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. सामन्यात पंधरा हीट, नव्वद गुण. पडला, बाद झाला, गाडी बंद पडली, टेपला धक्का लागला, प्रत्येकासाठी वेगळं अक्षर. पण या हिशेबात एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी हा खेळ बघत राहिलो. आपल्याच साथीदाराच्या मागोमाग जो येतो त्याला बोनस मिळतो. आजोबा दोनच्या आकड्यावर बारीक चांदणी काढायचे. संघाच्या बेरजेत ती धरत नाहीत, पण स्वाराच्या नावावर ती चढते आणि तिचे पैसेही मिळतात. आपल्याच माणसाला मागे टाकायला कुणी जिवावर उदार होऊ नये, यासाठीची ही सोय. मात्सेय यानोव्स्की हा व्रोत्स्वावचा घरचा मुलगा. पुढे असताना तो मागे वळून साथीदार कुठे आहे ते बघायचा, वेग किंचित आवरायचा, बाहेरच्या बाजूने येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत बरोब्बर अंग घालायचा आणि साथीदाराला आतून पुढे काढायचा. ब्रेक नसलेल्या गाडीवर कुणासाठी तरी थांबायचं! ते पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा मी उभा राहून ओरडलो. आजूबाजूला सगळेच ‘पाच-एक! पाच-एक!’ ओरडत होते: आपल्या दोघांचे तीन आणि दोन, पाहुण्यांचा एक.

पैशांचं मला पुढे हळूहळू समजत गेलं. इथला स्वार पगारी नसतो. करारावर सही करताना एक रक्कम, आणि मग दर गुणामागे ठरलेले पैसे. इंजिनं त्याची, ती तयार करून देणाऱ्या कारागिराचं बिल त्याचं, मेकॅनिकही त्याचेच. तेच स्वार आठवड्यात दोन-तीन देशांत धावतात: रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन, मध्येच डेन्मार्क किंवा इंग्लंड. रात्रभर व्हॅन चालते, मागे गाड्या बांधलेल्या, पुढे मेकॅनिक आळीपाळीने चालवतायत. आजोबांच्या कागदावरचं शून्य म्हणजे कुणाच्या तरी घरी त्या आठवड्यात न आलेले पैसे होते. म्हणूनच मनगट मोडलेला माणूस पंधरा दिवसांत पट्ट्या बांधून परत येतो. लोक त्याला शूर म्हणतात. तो शूर असतोच, पण त्याला घरी बसणं परवडत नाही हेही खरं, आणि ते कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं असं मला वाटतं.

एका गोष्टीने मात्र मी पहिल्या दिवसापासून इथे घरच्यासारखा झालो. ती म्हणजे माती. सामन्याच्या आधी तास-दीड तास ट्रॅकवर माणसं राबत असतात. टँकर पाणी मारतो, ट्रॅक्टर मागे फाळ ओढत माती वर काढतो, रोलर दाबतो, एक माणूस बुटाच्या टाचेने जागोजाग उकरून बघतो आणि मान हलवतो. लहानपणी कोल्हापुरात माझ्या आजोबांचं बोट धरून मी तालमीत जायचो. लाल माती चाळून हौदात टाकलेली, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल मुरलेलं, आणि वस्ताद मूठभर माती हातात घेऊन दाबून बघायचे, तसंच हे. कोरडी झाली तर पाय सरकतो, फार ओली झाली तर अंग निघत नाही. व्रोत्स्वावच्या ट्रॅकवर पाणी कमी-जास्त झालं की सगळा खेळ पालटतो. आतली वाट जड होते, बाहेरची धावते. घरचा संघ आपल्याला सोयीची माती करतो असा पाहुण्यांचा कायमचा आरोप, आणि म्हणून माती तपासायला वेगळा अधिकारी येतो. तो मातीवर वाकला की दोन्ही बाजूंचे लोक श्वास रोखून बघतात. इथली भाषा मला अजून अडखळायला लावते, पण त्या वाकलेल्या माणसाकडे बघताना स्टँडमध्ये काय चाललंय हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तो मोसम व्रोत्स्वावचा होता. आर्तेम लागुता त्याच वर्षी संघात आला होता. व्लादिवोस्तोककडचा, पार पॅसिफिकच्या काठावरचा रशियन. बोलायला शांत, आणि स्टार्टला असा सुटायचा की टेप वर जाण्याआधीच त्याला कळलं होतं असं वाटावं. बरोबर इंग्लंडचा ताय वॉफिन्डन, तीन वेळचा जगज्जेता, अंगभर गोंदलेला, यानोव्स्की, आणि डॅन बेउली, सडपातळ, बाहेरच्या कुंपणाला चिकटून जाणारा इंग्लिश पोरगा. उन्हाळ्यात आणखी खुर्च्या भरू लागल्या, भाजलेल्या कियेवबासाचा, म्हणजे इथल्या सॉसेजचा, धूर परत दिसू लागला, मास्क हनुवटीवर आले. सप्टेंबरात पोलिश लीगची अंतिम फेरी लागली ती लुब्लिनशी. लुब्लिनकडून धावत होता ग्रिगोरी लागुता, आर्तेमचा थोरला भाऊ. आमच्या मैदानावरच्या सामन्यात ते दोघं शेजारी शेजारी टेपसमोर उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या हेल्मेटांकडे बघत राहिलो. चेहरे दिसत नाहीत, नजर दिसत नाही. टेप उडाली आणि त्यांची कोपरं इतरांच्या इतकीच एकमेकांना लागली.

व्रोत्स्वाव जिंकला. 2006 नंतर पहिल्यांदा.

त्या रात्री ट्राम थांब्यावरच थांबून राहिल्या होत्या, रुळांवर माणसं होती. आजोबांनी कागद चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पुढच्याच आठवड्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तोरुनमध्ये आर्तेम लागुता जगज्जेता झाला, तो बार्तोश झ्मार्झ्लिक या पोलिश लाडक्याला मागे टाकून. सारं पोलंड हळहळलं आणि व्रोत्स्वावमध्ये लोकांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले. एका पोलिश मुलाचा पराभव पोलिश शहर साजरा करत होतं, कारण जिंकणारा ‘आपला’ होता. लीगमध्ये आपलं म्हणजे काय, याचा इतका निखळ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. तो बघताना मला मनापासून आनंद झाला होता.

त्या हिवाळ्यात, जेव्हा ट्रॅकवर बर्फ असतं आणि लोक फक्त कोण कुठल्या संघात गेला यावर बोलतात, मी रेल्वेने गावं बघत फिरलो. लेश्नोचं स्टेडियम अल्फ्रेद स्मोचिकच्या नावाचं. ऐन विशीत, 1950 साली रस्त्यावरच्या मोटरसायकल अपघातात गेलेला. तोरुनचं स्टेडियम मारियान रोझेच्या नावाचं, 1970 मध्ये झेशूवच्या ट्रॅकवर मरण पावलेल्या स्वाराच्या. तोरुनच्या त्या स्टेडियमचा रस्ता पेर योन्सॉनच्या नावाचा आहे. स्वीडनचा हा 1990 चा जगज्जेता. तोरुनकडून धावताना 1994 मध्ये बिद्गोश्चला पडला आणि तेव्हापासून व्हीलचेअरमध्ये आहे. हयात असलेल्या परदेशी माणसाच्या नावाचा रस्ता. मी त्या पाटीखाली उभा राहिलो तेव्हा थंडी मरणाची होती, पलीकडे दुकानाच्या पार्किंगमध्ये एक बाई पिशव्या गाडीत भरत होती, आणि मला ती पाटी सुंदर वाटावी की भीषण हे कळेना. शहराने त्याला विसरायचं नाही असं ठरवलं, हे सुंदरच आहे. पण त्याच रस्त्यावरून दर रविवारी सोळा-सतरा वर्षांची मुलं सामन्याला जातात. प्रत्येक संघात दोन ज्युनिअर असलेच पाहिजेत, दुसरी हीट त्यांचीच असते. ‘धोका माहीत असूनच ते येतात’ हे वाक्य मला वॉफिन्डनसारख्या माणसाच्या बाबतीत मान्य आहे. सोळा वर्षांच्या मुलाला काय माहीत असतं?

माझ्या रोजच्या वळणाचीही गोष्ट मला कळली होती. मे 2012, व्रोत्स्वाव विरुद्ध झेशूव. पाहुण्या संघाचा ली रिचर्ड्सन, तेहतीस वर्षांचा इंग्लिश स्वार, इथे पडला आणि त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये मरण पावला. आजोबा त्या दिवशी स्टँडमध्ये होते. मी विचारलं, त्याच्या नावापुढे काय लिहिलं होतं? त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘जे घडलं ते. मी दुसरं काय लिहिणार होतो?’ आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं की हात काहीतरी करत असला की बघवतं, नाहीतर बघवत नाही. जखमी स्वारासाठी गेटवर डबा फिरतो तेव्हा सगळ्यात आधी नोट टाकणारे हेच. मला वाटतं, मेमध्ये मी त्या हाताकडे निर्दय म्हणून बघत होतो ते पुरतं खरं नव्हतं. पण म्हणून ते अक्षर मला आवडू लागलं असंही नाही. टोमाश गोलोब, 2010 चा जगज्जेता, 2017 मध्ये मोटोक्रॉसच्या सरावात पडला आणि पुन्हा चालू शकला नाही. अख्खा देश रडला. पुढच्या रविवारी अख्खा देश स्टेडियममध्ये होता. आता मीही त्यातला एक आहे.

मग फेब्रुवारी 2022. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं आणि व्रोत्स्वावचं मुख्य स्टेशन आठवडाभरात माणसांनी भरून गेलं. फरशीवर गाद्या, बाळांच्या गाड्या, मांजरांचे पिंजरे, सूपची मोठी पातेली. आम्ही पिशव्या पोचवत होतो. माझ्या टीममध्ये खार्किवची एक मुलगी आहे. तिची आई आणि मावशी त्याच स्टेशनवर उतरल्या. ही मुलगी 2021 मध्ये माझ्याबरोबर सामन्यांना यायची, पिवळं-लाल मफलर तिच्याकडे माझ्याआधीपासून होतं, आणि पाच-एक झालं की ती शिट्टी मारायची. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने रशियन स्वारांवर बंदी घातली. दोघे भाऊ एकदमच बाहेर गेले, एक जगज्जेता म्हणून. आर्तेमकडे पोलिश नागरिकत्व होतं, तो राहतही पोलंडमध्येच होता, त्याने कुणावर बॉम्ब टाकला नव्हता. तरी तो त्या मोसमात इथे धावला नाही ते योग्यच झालं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्यावर अन्याय झाला असंही वाटलं. दोन्ही अजूनही वाटतं. त्या वर्षी व्रोत्स्वावला पदक मिळालं नाही आणि लुब्लिन पहिल्यांदाच विजेता झाला. स्टँडमध्ये लोक म्हणायचे, आर्तेम असता तर. खार्किवची ती मुलगी तेव्हा आमच्या शेजारी बसलेली नसायची.

2023 मध्ये तो पोलिश परवान्यावर लीगमध्ये परतला. जागतिक स्पर्धेची दारं तेव्हा त्याला उघडली नाहीत. पहिल्या घरच्या सामन्यात त्याचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या आसपास टाळ्या झाल्या, काही जण हात न हलवता बसून राहिले, आणि मी टाळ्या वाजवल्या की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण हात एकमेकांवर आले होते पण आवाज निघाला असं वाटत नाही. तो तसाच सुटला, टेपला आधीच विचारून आल्यासारखा. आजोबांनी तीन लिहिले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपली टोपी ठेवली होती. ती कुणाची जागा आहे हे त्यांना माहीत होतं आणि तिथे दुसऱ्या कुणी बसू नये अशी ती सोय होती.

ती आता मॅचला येत नाही. मीही तिला चल म्हणत नाही. पण सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी ती ठरलेला प्रश्न विचारते: किती झाले? मी संघाचे सांगतो. एकावन्न-एकोणचाळीस, अठ्ठेचाळीस-बेचाळीस, जे असतील ते. कुणी किती केले याची पूर्ण यादी माझ्या तोंडपाठ असते, पण तेवढ्यावर मी थांबतो. ती कपात साखर घालते, ढवळते, आणि मग विचारते, ‘आणि बेउलीने?’

‘बारा,’ मी सांगतो. ‘शिवाय एक चांदणी.’

‘कुणाच्या मागे?’

मी तिला खरं नाव सांगतो. ती मान हलवते आणि म्हणते, बाहेरून आला असेल ना, कुंपणाला चिकटून?